चौथ्या मजल्यावरची खिडकी

दिवसा आठ तास मी ट्राम चालवतो
आणि रात्री घरी येऊन ट्राम चालवतो.
बोझेना म्हणते, बेकरीवाल्याने घरी येऊन
पावाची चित्रं चाटावीत, तसं आहे तुझं.

आमच्या शहराचं नाव वूच. अर्थ: होडी.
नद्या मात्र गिरण्यांच्या काळातच जमिनीखाली गाडल्या.
होडीच्या गावात आम्ही रुळांवरून वल्हवतो.

हे सगळं शहर कुणीतरी खेळात बांधलंय,
फुकट, हौसेनं, वीट न् वीट.
बंद गिरण्या, बाऊतीमधली पेपरची टपरी,
वळणावर रूळ किंचाळतात तो आवाजसुद्धा अस्सल.
फक्त तिथे कुणी पिऊन चढत नाही,
तिकिटावरून हुज्जत घालत नाही.
दार उघडलं की माणसं येतात,
शेवटच्या थांब्यावर मुकाट विरघळतात.
वेळेवर पोचलं की कोपऱ्यात हिरवे आकडे उगवतात.
एकवीस वर्षांच्या नोकरीत
माझ्यासाठी कधी काही हिरवं उगवलं नाही.

आधी फक्त शनिवारी. मग जेवणानंतर तासभर.
मग जेवणच कीबोर्डशेजारी आलं.
बीटाच्या सुपावर साय धरेपर्यंत
मी होय्नीच्या डेपोत शिरत असे.
किंगाच्या शाळेचं नाटक होतं, ती त्यात कोल्हा होती.
मला वाटलं, गुरुवारी आहे.
गुरुवारीच होतं.
मी घरीच होतो.

मार्चमध्ये, खऱ्या गाडीसमोर,
खऱ्या बर्फाच्या चिखलात एक म्हातारी घसरली,
चाकापासून दोन हातांवर.
ब्रेक मारला मी. वेळेवर मारला.
पण त्याच्याही आधी, पापणी लवायच्या आत,
माझं डावं बोट हवेत गेलं होतं
'पुन्हा सुरू करा'च्या बटणाकडे.
कुणाला दिसलं नाही. म्हातारी उठली, शिव्या देत चढली,
पिशवीतली फुटलेली अंडी मला मोजून दाखवली: सात.
अहवालात त्या बोटासाठी रकाना नाही.

त्या रात्री खेळायचं नाही म्हणून मी भांडी घासली.
दोनदा घासली.
मग हात शिवशिवायला लागले.

खेळात पाऊस होता. मी आमच्याच रस्त्यावरून चाललो होतो.
शेकडो वेळा गेलो असेन,
पण थांबा नसलेल्या जागी कधी थांबलो नव्हतो.
थांबलो. आकडे लाल झाले, घसरू लागले.
चौथ्या मजल्यावर आमची खिडकी:
कुणीतरी रस्त्यातून काढलेला फोटो, भिंतीला चिकटवलेला.
खिडकीला निळा पडदा.
तो तर आम्ही काढला होता
किंगा चालायला लागली त्या वर्षी.
म्हणजे फोटो त्याच्या आधीचा.
पडद्यामागे दिवा, दिव्यात पुसट काहीतरी,
माणूस असेल, कुंडीतलं झाड असेल.
चित्र मोठं करत गेलो. त्याचे नुसते चौकोन होत गेले.

आणि माझ्या पाठीमागे,
त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला,
बोझेना इस्त्री करत होती.
"काय रे, गाडी बंद पडली?"
वर न बघता विचारलं तिने. आवाजात कुचेष्टा नव्हती,
तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, आपला निळा पडदा आठवतो?
इस्त्री थांबली. वाफेचा एक सुस्कारा.
"त्याचं पायपुसणं केलं," ती म्हणाली.
"रोज त्याच्यावरूनच तर आत येतोस."

स्क्रीनवर मागच्या ट्राम घंटा बडवत रांगेत उभ्या.
लगेच उठलो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं.
अकरा मिनिटं लागली.
मग दारापाशी गेलो, चपला बाजूला सारल्या,
वाकून पाहिलं.
काठाला, शिवणीच्या आत, थोडं अजून निळं होतं.